आत्याबाईंचा चष्मा आणि माझं तोंड

माझ्या सासूबाईंनी मला पसंत केलं तेव्हा त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आमच्या कणगीकडे बघत होत्या. हे मी रागानं लिहीत नाही. राग होता, पण तो इतकी वर्षं वापरला की झिजून गेला.

भाटघरला माझ्या माहेरी ओटीच्या कोपऱ्यात भाताची कणगी असायची. बांबूची विणलेली, शेणमातीनं लिंपलेली आणि वरून पांढऱ्या मातीचा हात फिरवलेली. त्या दिवशी आईनं घाईघाईत तिच्यावर आपलं हिरवं लुगडं टाकलं होतं. शेजारी पाटावर मी मान खाली घालून बसले होते. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथून आत्याबाई मला बघायला आल्या होत्या. सासूला आमच्याकडे आत्याबाईच म्हणतात. त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे बराच वेळ नजर लावली आणि म्हणाल्या, "पोर अंगानं भरलेली हाय. रंगानं उजळ हाय. आन् गप हाय, ही लई चांगली गोष्ट हाय."

मी काडीसारखी होते. रंग म्हणाल तर तव्याच्या जरा अलीकडचा. गप मी जन्मात कधी बसले नव्हते, त्या दिवशी आईनं दम भरला होता म्हणून तोंड मिटून होते. आणि त्या तोंडावर कपाळापासून हनुवटीपर्यंत देवीचे वण होते. सातव्या वर्षी मला देवी आल्या आणि जाताना खुणा ठेवून गेल्या. आधीची स्थळं चहा पिऊन उठून गेली होती, ती या वणांमुळेच. भोरला मावशीकडे राहून मी सातवी पास झाले होते, पण सातवी पास झाल्याचं तोंडावर कुठं दिसतं?

वडिलांनी आत्याबाईंची नजर कुठं आहे ते बघितलं, एकवार कणगीकडे बघितलं आणि काही न बोलता पुढं होऊन लगोलग सुपारी फोडली. आमच्याकडे सुपारी फुटली की सोयरीक पक्की. माझ्या वडिलांइतक्या चपळाईनं सुपारी फोडणारा माणूस भोर तालुक्यात झाला नसेल.

नवरदेवानं मुलगी बघायला यायची तेव्हा रीत नव्हती. आमच्या ह्यांनी मला बघितलं ते अंतरपाट दूर झाल्यावर. त्यांनी एक घोट गिळला आणि हार घातला. पुढं त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत. मीही त्यांच्या घोरण्यावर कधी बोलले नाही. आमचा संसार चांगला झाला.

आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डोळ्यांतल्या काळ्या बाहुल्या ताकासारख्या पांढुरक्या झालेल्या कोणालाही दिसायच्या. त्यांना स्वतःला मात्र ते मान्य नव्हतं. "चुलीचा धूर डोळ्यांत बसलाय," एवढंच त्या म्हणायच्या. चूल विझलेली असली तरी धूर असायचा. उन्हात उभ्या असल्या तरी धूर असायचा. शेजारणीच्या घरातला धूरसुद्धा त्यांच्याच डोळ्यांत यायचा.

तर या धुरात त्यांचा कारभार चालायचा. खुंटीवर घोंगडी टांगलेली असली की, "या पाव्हनं, बसा," म्हणून तिला पाण्याचा तांब्या पुढं करायच्या आणि घोंगडीनं तांब्या घेतला नाही की, "लोकांना मान दिला तर सोसत न्हाई," असं पुटपुटायच्या. बैलपोळ्याला त्यांनी शेजाऱ्याच्या बैलांना ओवाळून आमच्या पुरणपोळ्या चारल्या. शेजारी शहाणा, तो बैलांच्या आड उभा राहून गप बसला. मला बोलायचं असलं तर त्या पाण्याच्या रांजणाला बोलायच्या, कारण त्यांच्या मनातली सून त्या मापाची होती. मी मागं उभी राहून रांजणाच्या वतीनं उलट उत्तरं द्यायची. भांडण झकास रंगायचं, फक्त तोंडं एका दिशेला नसायची.

माझ्या वणांचं त्यांना वाडीत कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? तुमच्या सुनेच्या तोंडावर देवीचे वण आहेत, असं म्हणायचं म्हणजे तुम्हाला दिसत नाही, असं म्हणण्यासारखं. आणि ते म्हणण्याची छाती वाडीत कोणाची नव्हती. आत्याबाईंच्या जिभेला काही मोतीबिंदू झाला नव्हता. त्यामुळे त्या आल्या-गेल्याला बिनदिक्कत सांगायच्या, "माझी सून कशी देखनी हाय बगा." आलेला माणूस माझ्याकडे बघायचा, मग जमिनीकडे बघायचा, आणि म्हणायचा, "व्हय की."

खरं सांगते, ते मला आवडायचं. ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं, वाडीला ठाऊक होतं, घोंगडीलाही ठाऊक असेल. पण जगात मला देखणी म्हणणारं ते एकच माणूस होतं. माझ्या आईनंसुद्धा मला कधी देखणी म्हटलं नव्हतं. तिला स्वच्छ दिसायचं.

हे असंच चाललं असतं. पण एकदा भाकरी फिरवताना त्यांचा हात तव्यावर न पडता सरळ चुलीत गेला. मी ओरडले, हातावर तूप चोपडलं, आणि मग मला असा संताप आला की मी तोंडावर बोलले, "आत्याबाई, हा धूर न्हाई. हा मोतीबिंदू हाय. काडून घ्या."

त्यांनी भाजलेल्या हातावर फुंकर घातली. मग म्हणाल्या, "माझ्या भावानं काडला व्हता." त्यांच्या भावानं नसरापूरच्या बाजारात फिरत्या वैदूकडून डोळ्यात सुई घालून घेतली होती. वैदू सुईनं मोतीबिंदू डोळ्याच्या तळाशी ढकलून द्यायचा. माणसाला लगेच दिसायला लागायचं, वैदू भाकरी-कोंबडी घेऊन पुढच्या गावाला जायचा, आणि मग तो डोळा पिकून कायमचा जायचा. भावाचा तसाच गेला होता. आत्याबाई धूर धूर म्हणायच्या ते नुसत्या हट्टानं नाही, भीतीनंही, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांची भीती मोडली ती माझ्या धाकट्या दिराच्या लग्नामुळे. त्याला मुली बघायची वेळ आली, तशी पाणवठ्यावर शेजारीण आत्याबाईंना बोलून गेली, "आवं, ह्या खेपंला धड दिसंल आसं डोळं घिऊन जावा."

आत्याबाई हंडा घेऊन घरी आल्या आणि रांजणाशेजारी बसल्या. "सूनबाई," त्या म्हणाल्या, "तुज्यात काय खोट हाय का?"

"लई हायेत. कोनती सांगू?"

"चेष्टा नगं करू."

"चेष्टा न्हाई, आत्याबाई. भाकऱ्या खाली ठिवून सांगायला बसते."

त्या हसल्या, पण शंका गेली नाही. चार दिवसांनी हे नसरापूरच्या बाजाराहून बातमी घेऊन आले की भोरला शाळेत डोळ्यांचं शिबिर आहे, मोठे डॉक्टर येणार आहेत, सगळं फुकट. आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. "जायचं," त्या म्हणाल्या. "दुसरी सून म्या माझ्या डोळ्यांनी बगनार."

मी घाबरले. त्या मला घराबाहेर काढतील अशी भीती नव्हती. भाकऱ्या कोण थापणार होतं? पण दुसरी सून निवडून, पारखून, गोरीगोमटी येणार, आणि त्याआधी त्या मला बघणार. मग आल्या-गेल्यापुढं काय सांगणार? तरी पण त्यांचा भाजलेला हात मी रोज धुवत होते. मी गाठोडं बांधलं.

भोरचं संस्थान जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, पण गावाचा रुबाब तसाच होता. शाळेतले बाक बाहेर रचले होते आणि वर्गांत खाटा मांडल्या होत्या. डॉक्टर तरुण, उंच आणि सोशिक होते. त्यांनी आत्याबाईंच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाले, "आजी, मोतीबिंदू पूर्ण पिकलाय. काढायला अगदी योग्य. डोळ्यात एक काचेसारखं भिंग असतं, ते गढूळ झालंय. खिडकीची काच धुरकट झाली की बाहेरचं दिसत नाही ना, तसं."

"आमच्या घराला खिडकीच न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी विचार केला. "बरं, कोंबड्या आहेत?"

"हायेत की."

"अंडं फोडलं की आतला बलक सोडून बाकीचं पाण्यासारखं असतं, आरपार दिसतं. उकडलं की पांढरं होतं. तुमच्या डोळ्यातलं भिंग तसं पांढरं झालंय. उकडलेलं अंडं परत कच्चं होतं का?"

"न्हाई वं."

"म्हणून थेंब घालून, अंजन घालून, पाला पिळून हे बरं होत नाही. ते काढावंच लागतं. वैदू सुईनं ते डोळ्यातच ढकलतो, मग डोळा नासतो. आम्ही बाहेर काढतो. आणि त्या भिंगाचं काम करायला वरून जाड चष्मा देतो."

आत्याबाईंनी मान हलवली. "म्हंजी आतलं अंडं काडनार आन् नाकावर कवच ठिवनार." डॉक्टर म्हणाले, साधारण तसंच. मला मात्र त्या उकडलेल्या अंड्यानं सगळं समजलं. पुढं वाडीत कोणाच्याही डोळ्यात पांढरं दिसलं की मी हेच सांगायची, आणि माणसं ऐकायची. वयानं होतं, दुखत नाही, पाप केलं म्हणून होत नाही आणि काढलं की दिसतं, एवढं सांगायला काही डॉक्टर व्हावं लागत नाही.

ऑपरेशन जागेपणीच झालं, दोन्ही डोळे बधिर करून. मी दाराबाहेर उभी होते. आत आत्याबाई डॉक्टरांना विचारत होत्या, "तुमचं लगीन झालंय का?" डॉक्टर म्हणाले, "आजी, बोलू नका." आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजी न्हाई झालं." काढलेलं एक भिंग डॉक्टरांनी मला वाटीत दाखवलं. सोललेल्या वालाच्या दाण्याएवढं, उकडलेल्या अंड्यासारखं पांढरं. मी आत्याबाईंना जाऊन त्याचं वर्णन सांगितलं. त्या म्हणाल्या, "येवड्याशानं मला येवडी वरसं घोंगड्यांना पानी पाजायला लावलं?" म्हणजे घोंगड्यांचं त्यांना कळत होतं. मी तो विषय वाढवला नाही.

खरी गंमत पुढं. तेव्हाचं ऑपरेशन आतासारखं नव्हतं, की केलं आणि चालत घरी गेलं. दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि आठवडाभर उताणं पडायचं. कूस बदलायची नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही, चावायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. हसलं की टाके हलतात. मशेरी बंद. आत्याबाईंना मशेरी नसली की सकाळ होत नसे, त्यामुळे त्या आठवडाभर रात्रच समजून चालल्या.

तर अशा एका वर्गात बाया ओळीनं उताण्या पडलेल्या, सगळ्यांचे डोळे बांधलेले, आणि सगळ्या एकमेकींशी आढ्याकडे तोंड करून गप्पा मारतायत. कोण कोणाशी बोलतंय ते कोणालाच कळत नसे. एकीनं विचारलेल्याला तिसरीच उत्तर द्यायची. नर्सबाई येऊन गप करायची आणि तिची पाठ वळली की पुन्हा सुरू.

आत्याबाईंच्या शेजारच्या खाटेवर भोंगवलीच्या एक बाई होत्या. त्यांची उस्तवार करायला त्यांचे यजमान आले होते. पागोट्यातले, मोठ्या मिशांचे, बायकोला चमच्यानं पेज भरवताना स्वतःही तोंड उघडणारे. या बाई भारी विनोदी. "म्या मेले तर मला उताणीच न्या," त्या म्हणायच्या, "सवय झालीया." हसू आलं की सगळ्या खाटा नुसत्या थरथरायच्या. मी एकटी मोकळी असल्यामुळे मोठ्यानं हसले आणि डॉक्टरांनी मला वर्गाबाहेर काढलं. सातवी झाले तरी वर्गाबाहेर उभं राहायची वेळ चुकली नाही.

भोंगवलीच्या बाईंना लग्नाची मुलगी होती. झालं. दोघींचे डोळे बांधलेले आणि सोयरीक सुरू. मुलगी अशी आहे, मुलगा तसा आहे, जमीन एवढी, शेळ्या एवढ्या. मग त्या बाईंनी विचारलं, "तुमची थोरली सून कशी हाय?"

"थोरली?" आत्याबाई आढ्याकडे तोंड करून म्हणाल्या. "गोरी, गुबगुबीत. देखनी. म्या पारखून आनलीया."

मी मध्ये बसले होते, हातात पेजेचा चमचा घेऊन. पागोटेवाल्या यजमानांनी माझ्याकडे बघितलं. मग आपल्या बायकोच्या पट्टीकडे, मग आत्याबाईंच्या पट्टीकडे. त्यांच्या मिशा हलल्या. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी मिशा जागच्या जागी आणल्या. आणि मी आत्याबाईंच्या तोंडात चमचा जरा जास्तच लवकर घातला. मला रडू येत होतं, आणि ते त्या तीन आंधळ्या-डोळस माणसांसमोर मला येऊ द्यायचं नव्हतं.

"मुलगी पसंत व्हईल आसं वाटतंय," आत्याबाई पेज गिळून म्हणाल्या. "पर चष्मा आला की बगून ठरवायचं. ह्या खेपंला बगूनच."

पट्टी सुटली तेव्हा त्यांना उजेड दिसला, रंग दिसले, माणसं आकारानं दिसली, पण चेहरा लागेना. पांढरं सगळं निळसर दिसतं म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, असंच होतं, चष्म्याचा नंबर दीड महिन्यानं. त्या दीड महिन्यात घरी आत्याबाई मला निरखायच्या. "तू बारीक दिसतीस गं."

"तुमची उस्तवार करून वाळले."

"आन् काळी?"

"उनात भोरला जाऊन रापले." आणखी काही दिवस मिळाले असते तर मी उंचीचीही काहीतरी कारणं दिली असती.

चष्मा घ्यायला हे, मी आणि आत्याबाई भोरला गेलो. तिथूनच परस्पर भोंगवलीला मुलगी बघायला जायचं ठरलं होतं. चष्म्याच्या काचा सोड्याच्या बाटलीच्या बुडासारख्या जाड. आत्याबाईंनी तो नाकावर चढवला आणि स्वतःचे हात बघितले. "ही म्हातारी कोन?" त्या म्हणाल्या. मग डॉक्टरांना बघून म्हणाल्या, "नाक येवडं हाय म्हनून लगीन न्हाई का?" त्या चष्म्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसायचं. जमीन पायाशी वर आलेली वाटायची, म्हणून त्या कोंबडी चिखलातून चालते तशा पाय उचलून चालायला लागल्या.

त्या चष्म्यानं त्यांनी पुढं मरेपर्यंत काय काय केलं ते सांगून ठेवते, नाहीतर शेवटी राहून जाईल. तांदळातले खडे वेचले, सुईत दोरा ओवला, करडांच्या कानांतल्या गोचड्या काढल्या, पोळ्याला आमच्याच बैलांना ओवाळलं, आणि शेजारणीच्या दारातून आमची कोंबडी तीन वर्षांनी ओळखून परत आणली. चुलीत हात पुन्हा कधी गेला नाही.

त्या दिवशी मात्र मला एकच कळलं होतं. या चष्म्यातून समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं दिसत नाही. मी बाजूला राहिले. एसटीत त्यांच्या शेजारी बसले, बैलगाडीत मागं बसले, उतरताना ह्यांना पुढं केलं. आत्याबाई मान वळवायच्या, मी सरकायची. हे हळूच म्हणाले, "किती दिस सरकशील?" मी म्हणाले, "आजचा दिस."

भोंगवलीच्या बाई दारातच उभ्या होत्या, त्यांच्याही नाकावर तसाच चष्मा. दोघी समोरासमोर आल्या आणि एकमेकींकडे बघतच राहिल्या.

"तुमी व्हय त्या?"

"व्हय. तुमी व्हय?"

"म्या तुमाला उंच समजत व्हते."

"उतानं पडलं की समदीच उंच."

ओटीवर बैठक बसली. मुलीला आणून पाटावर बसवलं. गोरी, गोल चेहऱ्याची, चांगली वाटली मला, आणि मी आणखी बाजूला सरकले. आत्याबाई पुढं वाकून बघायला लागल्या. तेवढ्यात भोंगवलीच्या बाईंनी मायेनं विचारलं, "आन् तुमची थोरली आलीया न्हवं? ती गोरी, गुबगुबीत? कुटं हाय?"

त्यांच्या यजमानांना खोकल्याची उबळ आली. आत्याबाईंनी सगळी मान वळवली, मग खांदे वळवले, आणि मी जागच्या जागी सापडले. पदर पुढं ओढायचं मी ठरवलं होतं. पण त्या क्षणी मला असा राग आला, स्वतःचाच, की मी पदर ओढला नाही. तशीच समोर बघत राहिले.

आत्याबाईंनी चष्मा नीट बसवला. बघत राहिल्या. त्या काचांमागं त्यांचे डोळे बैलाएवढे दिसत होते.

"देवी?" त्या म्हणाल्या.

"व्हय."

"कवाच्या?"

"सातव्या वर्साच्या."

"म्हंजी म्या बगायला आले तवा व्हत्या."

"व्हत्या."

"वाडीत समद्यांस्नी ठावं?"

"समद्यांस्नी."

त्यांनी माझं कपाळ बघितलं, गाल बघितले, हनुवटी बघितली. मग सगळ्या ओटीला ऐकू जाईल अशा रोजच्या आवाजात म्हणाल्या, "तवा मला धड दिसत आसतं, तर म्या न्हाई म्हनून उटले आसते. आन् लई नुसकानीत गेले आसते."

ओढायचा राहिलेला पदर मी कमरेला खोचला आणि त्यांना दिसेल अशी पुढं सरकून बसले. 

आत्याबाई पुन्हा पाटावरच्या मुलीकडे वळल्या. दोन्ही हातांनी चष्मा काढला, त्याच्या काड्या मिटल्या आणि तो मांडीवर ठेवला.

"आता बोल, पोरी," त्या म्हणाल्या. "तुला काय काय येतं?"

मुलगी आधी लाजली, मग बोलायला लागली. आत्याबाई डोळे मिटून ऐकत होत्या. चष्मा त्यांच्या लुगड्यावरून घसरायला लागला, तो मी उचलला आणि त्यांचं ऐकून होईपर्यंत हातात धरून बसले.